संगणक सुरू होईना? आधी माहिती वाचवा

संगणक काळ्या पडद्यावर अडकला, की ‘फॉरमॅट मारा’ हा सल्ला हमखास मिळतो. वास्तविक अनेकदा बिघाड केवळ ऑपरेटिंग सिस्टिममध्ये असतो. हार्ड डिस्कवरील छायाचित्रे, हिशेब शाबूत असतात. घाईने केलेले फॉरमॅट तेही घालवते. अशा वेळी रेस्क्यू डिस्क कामी येते.

ही डिस्क म्हणजे स्वतंत्र, छोटी ऑपरेटिंग सिस्टिमच. जर्मनीच्या क्लाउस क्नॉपर यांनी २००० साली आणलेली ‘क्नॉपिक्स’ हे तिचे परिचित उदाहरण. सीडी वा पेन ड्राइव्हवरून ती थेट रॅममध्ये चालते आणि सांगितल्याखेरीज हार्ड डिस्कवरील फायलींना हात लावत नाही. म्हणून प्रथम फायली बाह्य डिस्कवर उतरवाव्यात आणि त्या तेथून उघडतात का, ते तपासावे.

त्यानंतरच नवी सिस्टिम बसवावी. ‘डेबियन’ लिनक्स हाताने बसवताना डिस्कचा एक विभाग फॉरमॅट करून जोडला जातो. ‘डीबूटस्ट्रॅप’ ही आज्ञा इंटरनेटवरून मूळ सिस्टिम त्यात उतरवते. पुढे ‘सीएचरूट’ने त्या नव्या सिस्टिममध्ये शिरून कर्नल, पासवर्ड व ‘ग्रब’ हा बूटलोडर बसवावा लागतो.

ग्रब राहून गेला, तर रेस्क्यू डिस्क पुन्हा लावून चूक सुधारता येते. चुकीचा विभाग फॉरमॅट झाला, तर मात्र माहिती परत मिळण्याची खात्री नसते. ‘एसडीए’, ‘एसडीबी’ ही डिस्कची नावे संगणक पुन्हा सुरू केल्यावर बदलू शकतात. त्यामुळे नावावर न विसंबता ‘एलएसबीएलके’ या आज्ञेने डिस्कचा आकार पाहावा. बाह्य डिस्क काढून ठेवावी आणि मगच एंटर दाबावे.