उणे ६१ अंशांत तापमानवाढ?

जून २०२० मध्ये ‘नेचर क्लायमेट चेंज’ या नियतकालिकात एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. दक्षिण ध्रुवावरच्या अमुंडसेन-स्कॉट केंद्रावर १९८९ ते २०१८ या तीस वर्षांत हवेचे तापमान दर दशकाला ०.६१ अंश सेल्सियसने वाढले, म्हणजे जगाच्या सरासरीच्या तिपटीहून अधिक वेगाने, असा त्याचा निष्कर्ष होता. पुढच्याच वर्षी त्याच केंद्रावरून दुसरी बातमी आली. २०२१ च्या एप्रिल ते सप्टेंबर या सहा महिन्यांचे सरासरी तापमान सुमारे उणे ६१ अंश, म्हणजे १९५७ पासूनच्या नोंदींतला सर्वांत थंड हिवाळा. पहिली बातमी एका गोटाने उचलून धरली, दुसरी दुसऱ्या गोटाने. आकडे मात्र दोन्हीही एकाच नोंदवहीतले आणि दोन्हीही खरे. ही नोंदवही कशी वाचायची ते एकदा कळले, की तिच्याभोवतीचे बरेच गैरसमज आपोआप गळून पडतात.

‘अंटार्क्टिकाच्या लाखो वर्षांच्या नोंदी आहेत’

आहेत, पण त्या तापमापकाच्या नव्हेत. वोस्तोक येथे खोल छिद्र पाडून काढलेल्या बर्फाने चार लाख वर्षांहून अधिक काळाचा आणि ‘डोम सी’च्या बर्फाने आठ लाख वर्षांचा इतिहास सांगितला. तो ऑक्सिजन आणि हायड्रोजनच्या समस्थानिकांच्या प्रमाणावरून काढलेला अंदाज आहे. चांगला अंदाज आहे, पण त्यावरून अमुक साली जुलैत किती थंडी होती ते कळत नाही.

प्रत्यक्ष मोजमाप त्या मानाने अगदी अलीकडचे. १९१२ च्या जानेवारीत स्कॉटची तुकडी ध्रुवावरून परत फिरली, त्यानंतर ३१ ऑक्टोबर १९५६ ला अमेरिकी नौदलाचे विमान तिथे उतरेपर्यंत त्या जागी माणसाचे पाऊल पडले नव्हते. आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षाच्या निमित्ताने केंद्र उभे राहिले, पॉल सायपल यांच्यासह अठरा जणांनी १९५७ चा हिवाळा तिथे काढला आणि नोंदवही सुरू झाली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात रशियनांनी वोस्तोक सुरू केले. खंडाच्या अंतर्भागात इतकी जुनी आणि सलग म्हणावी अशी नोंद या दोनच ठिकाणांची. भारताच्या चौपटीहून मोठ्या प्रदेशाच्या पोटात दोन तापमापक, एवढेच भांडवल! बाकीची जुनी केंद्रे बहुतेक किनाऱ्यावर. सर्वांत जुनी नोंद ऑर्काडासची. स्कॉटिश मोहिमेने १९०३ मध्ये ती सुरू केली आणि १९०४ मध्ये अर्जेंटिनाकडे सोपवली. पण ऑर्काडास हे मुख्य भूमीपासून दूर, समुद्रातल्या एका बेटावर आहे. तिथल्या पाऱ्यावरून ध्रुवाबद्दल बोलता येत नाही.

‘पृष्ठभागाचे तापमान म्हणजे बर्फाचे तापमान’

हा गैरसमज भल्याभल्यांचा होतो. हवामानशास्त्रात ‘पृष्ठभागाचे तापमान’ म्हणतात ते जमिनीपासून साधारण दोन मीटर उंचीवरच्या हवेचे. वोस्तोकला २१ जुलै १९८३ रोजी नोंदवलेले उणे ८९.२ अंश हे हवेचे तापमान आहे आणि पृथ्वीवरचा नीचांकाचा अधिकृत विक्रम आजही तोच आहे. २०१८ मध्ये उपग्रहांच्या निरीक्षणांवरून पूर्व अंटार्क्टिकाच्या पठारावर उणे ९८ अंश आढळल्याची बातमी आली, तेव्हा ‘विक्रम मोडला’ असे मथळे झळकले. पण ते तापमान पठारावरच्या खोलगट भागांतल्या बर्फाच्या अगदी वरच्या पापुद्र्याचे होते. दोन वेगळ्या गोष्टींचे आकडे शेजारी ठेवून विक्रम मोडत नाहीत.

दोन मीटरांनी असा काय फरक पडणार? ध्रुवावर खूप पडतो. सहा महिन्यांच्या रात्रीत बर्फाची उष्णता सतत आकाशाकडे निघून जाते, त्यामुळे सर्वांत थंड हवा तळाशी बसते आणि वर जावे तसे ऊबदार होत जाते. यालाच भूगोलाच्या पुस्तकात तापमानाची विपरीतता म्हणतात. हिवाळ्यात ध्रुवावर तळाची हवा आणि काहीशे मीटरवरची हवा यांत वीसेक अंशांचा फरक असतो. त्यात दरवर्षी साधारण वीस सेंटिमीटर बर्फ साचतो. खांब रोवून ठेवला आणि विसरून गेले, तर काही वर्षांत तापमापक बर्फाच्या जवळ येऊन अधिक थंड आकडे दाखवू लागेल आणि ते ‘हवामान’ म्हणून नोंदले जातील. म्हणून उपकरणे वेळोवेळी वर उचलावी लागतात. केंद्राच्या इमारतींचेही तेच. पहिले केंद्र बर्फाखाली गेले, १९७५ चा प्रसिद्ध घुमटही शेवटी उतरवावा लागला आणि २००८ मध्ये रीतसर सुरू झालेली आजची इमारत खांबांवर उभी आहे, गरज पडेल तशी वर उचलता येईल अशी.

साधा पाऱ्याचा तापमापक तिथे कुचकामी ठरतो, कारण पारा उणे ३९ अंशांच्या आसपास गोठतो आणि ध्रुवाची वर्षाची सरासरीच उणे ४९ ते ५० अंश आहे.

‘वारा सुटला की थंडी वाढते, आभाळ आले की गारठा पडतो’

अंगाला वारा झोंबतो हे खरे, पण तापमापकाला अंग नसते. ध्रुवावरच्या हिवाळ्यात वारा सुटला की तळाची गार हवा वरच्या ऊबदार हवेत मिसळते आणि तापमान चढते. ढग आले की बर्फाची उष्णता अडते, तेव्हाही चढते. निफाडच्या द्राक्षबागायतदारांना हे वेगळे सांगायला नको. निरभ्र, वारा पडलेली रात्र बागेला घातक, आभाळ असले की जीव भांड्यात पडतो. त्यामुळे ध्रुवाच्या नोंदीत हिवाळ्यात दोन-तीन दिवसांत तापमान वीसेक अंशांनी उसळलेले दिसले, तर कोणी आकड्यांत घोळ केला असे समजू नये. वादळ येऊन गेले असेल.

आपल्याकडचे आणखी एक गृहीतक तिथे चालत नाही. दुपारी कमाल आणि पहाटे किमान ही आपली रीत. ध्रुवावर सूर्य वर्षातून एकदा, सप्टेंबरात उगवतो आणि मार्चात मावळतो. चोवीस तासांत त्याची उंची जवळजवळ बदलतच नाही. म्हणून तिथल्या दिवसाच्या कमाल-किमान तापमानाचा घड्याळाशी संबंध नाही, तो फक्त वाऱ्याशी आणि ढगांशी. (घड्याळही तिथले नव्हेच, ते न्यूझीलंडच्या वेळेवर चालते.) हिवाळ्याचा आलेखही आपल्यासारखा खाली जाऊन वर येणारा नसतो. एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत तो खालीच, साधारण सपाट पडून राहतो.

‘एक थंड हिवाळा आला, म्हणजे तापमानवाढ खोटी’

आता मूळ भांडणाकडे. ध्रुवाने २३ जून १९८२ ला उणे ८२.८ अंश पाहिले आहेत आणि २५ डिसेंबर २०११ ला उणे १२.३ अंशही. इतक्या उसळ्या मारणाऱ्या ठिकाणी एका मोसमावरून कल काढणे म्हणजे शुद्ध घाई. २०२१ चा हिवाळा थंड होता, कारण त्या वर्षी ध्रुवाभोवती उंचावर फिरणारा वाऱ्यांचा भोवरा फार बळकट होता आणि त्याने उत्तरेकडची ऊबदार हवा आत येऊ दिली नाही. काही महिन्यांतच, मार्च २०२२ मध्ये, पूर्व अंटार्क्टिकाच्या पठारावर नेमके उलटे घडले. बाष्पाने भरलेल्या हवेचा लोट आत शिरला आणि कॉन्कॉर्डिया केंद्रावर तापमान उणे १२ अंशांच्या आसपास गेले, त्या काळातल्या नेहमीच्या तापमानापेक्षा ३५ अंशांहून अधिक. त्या थंडीने तापमानवाढ खोटी ठरत नाही, तशी या गरमीने ती एकटीने सिद्धही होत नाही.

इथे दुसऱ्या गोटालाही दोन शब्द सुनावायला हवेत. ‘ध्रुव तिपटीने तापतोय, आणखी पुरावा कशाला?’ असे म्हणणाऱ्यांनी तो निबंध शेवटपर्यंत वाचलेला नसतो. त्या ०.६१ पुढे ‘अधिक-उणे ०.३४’ असेही लिहिले आहे. या वाढीचा मोठा भाग लेखकांनी उष्ण कटिबंधातल्या पश्चिम पॅसिफिकशी जोडला. तिथला समुद्र तापला, त्याच्या परिणामाने वेडेल समुद्रावरचा कमी दाबाचा पट्टा बळावला आणि ऊबदार, दमट हवा खंडाच्या आत ढकलली गेली. इतकी वाढ निव्वळ नैसर्गिक चढउतारांतूनही अगदी वरच्या टोकाला शक्य आहे, पण हरितगृह वायूंचा तिला हातभार लागला असण्याची शक्यता मोठी, असे त्यांचे मोजूनमापून म्हणणे आहे. त्याआधीच्या दशकांत हाच ध्रुव किंचित थंड होत होता. पुढे त्याला ओझोनच्या छिद्राचाही हातभार लागला, कारण त्या छिद्रामुळे खंडाभोवतीचे पश्चिमी वारे जोरकस झाले आणि आतला भाग बाहेरच्या ऊबेपासून तुटला. जग तापते आहे हे ठरते ते हजारो केंद्रे, जहाजे आणि समुद्रातली तरंगती उपकरणे यांच्या एकत्रित नोंदींवरून. ध्रुवावरच्या एका केंद्राचा उपयोग वेगळा आहे: वारे आणि समुद्र ही ऊब कुठे नेतात, कुठे अडवतात ते त्यावरून कळते.

‘आकडे सुधारले, म्हणजे फिरवले’

या आरोपाला हॅलीची गोष्ट पुरेशी आहे. ब्रिटिशांचे हे केंद्र १९५६ पासून ब्रंट आइस शेल्फवर आहे, म्हणजे जमिनीवरून सरकत येऊन समुद्रावर तरंगणाऱ्या बर्फाच्या थरावर. ओझोनचे छिद्र सापडले ते याच केंद्राच्या निरीक्षणांतून, १९८५ मध्ये. पण ‘हॅली’ नावाची एक जागा कधीच नव्हती. बर्फ सरकतो, इमारती गाडल्या जातात, शेल्फला भेगा पडतात, म्हणून केंद्र पुन्हा पुन्हा हलवावे लागले. या साऱ्या जागा किनाऱ्यापासून वेगवेगळ्या अंतरावर, दहा किलोमीटरपासून पन्नासपर्यंत. वर्षानुवर्षे सर्वांचे आकडे एकाच माळेत ओवले गेले. २०२१ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञांनी ती माळ तपासली, तेव्हा १९९२ मध्ये तापमान एकाएकी खाली उतरल्याचे दिसले. त्याच वर्षी हॅली-४ सोडून हॅली-५ वर मुक्काम हलला होता. ती थंडी हवामानाची नव्हती, पत्ता बदलल्याची होती. अशी पायरी तशीच ठेवली तर खोटी घट कायमची नोंदीत राहते. ती काढणे हा प्रामाणिकपणा आहे.

(दक्षिण ध्रुवाचे केंद्रही बर्फासोबत वर्षाला सुमारे दहा मीटर सरकते, म्हणून ध्रुवाची खूण दर १ जानेवारीला नव्याने रोवतात. पण सपाट पठारावर पाच-सातशे मीटरांनी हवामान बदलत नाही.)

गाळणी दोन्ही बाजूंनी चालते, हेही पाहण्यासारखे आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये अंटार्क्टिकातून उच्चांकाच्या दोन बातम्या आल्या. एस्पेरान्झा केंद्रावरचे १८.३ अंश जागतिक हवामान संघटनेने तपासून मान्य केले. सेमूर बेटावरचे २०.७५ अंश मात्र नाकारले, कारण तिथल्या संवेदकाचे सूर्यकिरणांपासून रक्षण करणारे आवरण घरगुती जुगाडाचे होते आणि त्यामुळे आकडा फुगला असण्याची शक्यता होती. तापमानवाढीचा डंका पिटायचाच असता, तर हा आकडा सोडला असता का?

‘उणे ५० अंशांत बर्फ वितळेलच कसा?’

ध्रुवावर वितळत नाही, आणि तसा दावाही कोणी करत नाही. अंटार्क्टिकाचा बर्फ घटतो आहे तो कडांना. तिथे आइस शेल्फांच्या पोटाखाली शून्याच्या किंचित वरचे खोल समुद्राचे पाणी घुसते आणि बर्फ खालून खाते. थ्वेट्स आणि पाइन आयलंड या हिमनद्यांची चिंता आहे ती यामुळे. ध्रुवावरच्या तापमापकाला याचा पत्ता लागत नाही. ‘अंटार्क्टिकाचे तापमान’ असा एकच आकडा नसतो, हेही इथेच नोंदवून ठेवू. शिर्माकर ओअॅसिसच्या उघड्या खडकावरचे आपले ‘मैत्री’ केंद्र घ्या. तिथली वार्षिक सरासरी उणे १० अंशांच्या आसपास, उन्हाळ्यात शून्याच्या वर. ध्रुवाशी तुलना केली तर चाळीस अंशांचा फरक, आणि खंड तोच.

भारताची नोंदवही याच खडकावर आहे. दक्षिण गंगोत्री हे आपले पहिले केंद्र आइस शेल्फवर होते, ते बर्फाखाली गेले. १९८९ पासून ‘मैत्री’ खडकावर आहे, आणि २०१२ पासून दूर पूर्वेला ‘भारती’. केंद्रांचा कारभार गोव्यात वास्कोला असलेल्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राकडे आहे. हवामानाची सरासरी काढायला तीस वर्षे लागतात, ती ‘मैत्री’ने पूर्ण केली आहेत. आता केंद्र जुने झाले आहे, आणि २०२४ मध्ये कोचीला झालेल्या अंटार्क्टिक कराराच्या बैठकीत भारताने ‘मैत्री-२’ उभारण्याचा इरादा जाहीर केला. इमारत नवी हवीच. पण जुन्या जागेवरचा तापमापक त्याच दिवशी उतरवू नये. निदान काही वर्षे दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजमाप व्हावे, म्हणजे दोन जागांतला फरक किती आणि हवामानातला बदल किती, हे पुढच्यांना वेगळे करता येईल. हॅलीला ती पायरी तीस वर्षांनी सापडली. आपल्याला ती आधीच ठाऊक आहे.