लळिंगचे कुरण आणि शेजारची खदान

मालेगावहून धुळ्याकडे येताना लळिंगचा घाट लागला की माथ्यावर किल्ला दिसतो. फारुकी सुलतानांच्या काळातला. पावसाळ्यात त्यावर ट्रेकर चढतात. जवळच्या लांडोर बंगल्यावर ३१ जुलैला गर्दी लोटते, कारण १९३७ साली याच तारखेला डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे मुक्कामी होते. किल्ला लोकांना ठाऊक, बंगला ठाऊक. परिसरातले लळिंग कुरण मात्र लोक नुसते ओलांडून जातात.

धुळ्याचा पाऊस वर्षाला ६०० मिलिमीटरच्या आसपास. तेवढ्यावर या माळांवर मारवेल, पवना आणि कुसळी उगवते. कुसळी पिकली की पायजम्यात घुसते आणि घरी गेल्यावरही टोचत राहते. साक्री-शिंदखेड्याकडचे ठेलारी मेंढपाळ मेंढ्यांचे वाडे घेऊन दिवाळीनंतर चाऱ्यामागे निघतात ते गावाजवळचे गवत पुरत नाही म्हणूनच. गायराने आक्रसली, माणसे-जनावरे वाढली. त्यात डोंगरउतारांवर खडी मशिनींची धूळ.

खडी हवीच. धुळ्यात तीन राष्ट्रीय महामार्ग येऊन मिळतात आणि त्यांच्या पोटात इथलाच काळा पाषाण आहे. प्रश्न दगड काढून झाल्यावरचा. बंद खदानीच्या काठावर उभे राहिले की जमिनीचा उभा काप दिसतो: वर हात-दीड हात माती, तिच्याखाली मुरूम, मग खाली सरळ खडक. ही वरची माती बहुधा पहिल्याच आठवड्यात भरावात जाते. पुढचे सगळे नुकसान तिथेच ठरते, कारण ज्यात गवताचे बी आणि मुळे असतात तो थरच उरत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने ८ जानेवारी २०२० रोजी ‘कॉमन कॉज’ प्रकरणात याच मुद्द्यावर बोट ठेवले. खाणकाम संपल्यावर खाणपट्टेधारकाने तिथे पुन्हा गवत लावावे आणि जमीन चारा, झाडे व प्राणी यांच्या वाढीला योग्य करावी, ही अट पट्ट्यात घालण्याचे निर्देश दिले. खंडपीठात तत्कालीन सरन्यायाधीश शरद बोबडे, न्या. भूषण गवई आणि न्या. सूर्य कांत होते. आठ दिवसांत केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने ही अट पर्यावरण मंजुरीत आणली. कागद चोख झाला.

पण खडकावर गवत उगवते का? नागपूर जिल्ह्यातल्या सावनेर तालुक्यात खाप्याजवळच्या गुमगावला याचे उत्तर मिळते. तिथे ‘मॉईल’ या सरकारी कंपनीची मँगनीजची खाण आहे. खाणीतून निघालेल्या दगडमातीचे उघडे ढिगारे होते, ज्यात ना सेंद्रिय अंश, ना पाणी धरायची ताकद. नागपूरच्या ‘नीरी’ या संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी त्यात साखर कारखान्याची प्रेसमड, म्हणजे उसाचा रस गाळल्यावर उरणारा गाळ, घातली, रोपांच्या मुळांना मायकोरायझा बुरशी आणि नत्र स्थिर करणारे जिवाणू दिले आणि त्या ढिगाऱ्यांवर झाडे उभी केली. खाणीची जमीन कायमची मेली असे म्हणणाऱ्यांनी ती झाडे पाहावीत.

गवताला झाडाइतकी खोल माती लागत नाही, म्हणून आपल्याकडे काम सोपे. प्रेसमड शहाद्याच्या सातपुडा कारखान्याची मिळू शकते. रावेर-यावलमध्ये केळीचे खांब बांधावर कुजत पडतात, त्यांचे खत होते. मारवेलचे सुधारित वाण राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाकडे आहेत. ठोंब लावले की पसरतात.

अडते ते पाण्यावर. पावसाळ्यात लावलेले ठोंब पहिल्या उन्हाळ्यात टिकले नाहीत, तर सगळा खर्च मातीत. गंमत अशी की पाण्याची टाकी खदानीनेच खणून ठेवलेली असते. कातळ अखंड असेल तर खड्ड्यातले पाणी हिवाळा ओलांडते. भेगाळ असेल तर झिरपून शेजारच्या विहिरींना मिळते. तळाशी पाणी, वरच्या पायऱ्यांवर मातीचा थर, मध्ये सौरपंप आणि तुषार संच, एवढीच योजना. ठिबक-तुषारचे सामान जगाला विकणारे जळगाव धुळ्यापासून शंभर किलोमीटरच्या आत आहे. पाणी मारायचे ते गवताची मुळे धरेपर्यंत, नंतर चाऱ्याची गरज बघून. आणि निदान दोन पावसाळे चराईबंदी. गवत कापून न्यावे, जनावर आत सोडू नये. काठाला मजबूत कुंपण तर पहिल्या दिवसापासून हवे, कारण पाण्याने भरलेल्या खदानीत पोरे पोहायला उतरतात आणि बुडतात.

हे खदानवाला आपणहून करील, अशी आशा मला नाही. धुळे-जळगावच्या ग्रामस्थांनी गावातल्या खाणपट्ट्याची पर्यावरण मंजुरी मागून घ्यावी, तिच्यातली गवताची अट ग्रामसभेत मोठ्याने वाचावी आणि मुदतवाढीचा अर्ज येईल तेव्हा तहसीलदारांना एवढेच विचारावे: वरची माती कुठे रचून ठेवली आहे, ती दाखवा.