हरित रसायनशास्त्र आणि आयटीआय

पळसदरीहून खोपोली लोकलमध्ये बसलात की मधली तीन स्टेशनं सोडून खोपोली. त्याच खालापूर भागात रसायनी, नावातच धंदा! दहावीनंतर इथल्या केमिकल कारखान्यात जायचं म्हणणाऱ्या मुलांसाठी हे थोडं.

पॉल अनास्टास आणि जॉन वॉर्नर यांनी १९९८ साली हरित रसायनशास्त्राची १२ तत्त्वं मांडली. पहिलंच तत्त्व असं, की कचरा साफ करत बसण्यापेक्षा तो होऊच देऊ नये. हे शास्त्रज्ञांचं काम वाटतं ना? पण रिअ‍ॅक्टरचं तापमान ठरल्यापेक्षा चढलं, तर नको ते पदार्थ तयार होतात. कंडेन्सरला थंड पाणी कमी पडलं, तर द्रावकाची वाफ पुन्हा द्रव न होता हवेत जाते. तेव्हा मीटरसमोर उभा असतो तो ऑपरेटर.

आपल्याकडे आयटीआय म्हणजे फिटर नाहीतर इलेक्ट्रिशियन, एवढंच माहीत. 'अटेंडंट ऑपरेटर केमिकल प्लांट' हा दोन वर्षांचा ट्रेडही असतो. त्याला विज्ञान-गणितासह दहावी पास लागते. प्रवेशाआधी पालकांनी वर्कशॉप मात्र बघून यावं. पंप, डिस्टिलेशनचा संच मुलांना खरंच चालवायला देतात, की नुसत्या वहीत आकृत्या काढून घेतात, ते विचारा.