पेसमेकरधारक रुग्ण : वैद्य व औषधविक्रेते यांनी घ्यावयाची दक्षता

सातारा व सांगली जिल्ह्यांत पेसमेकर बसविलेला रुग्ण ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. मिरज, कराड, कोल्हापूर वा पुणे येथे शस्त्रकर्म करून रुग्ण गावी परततो आणि संधिवात, मलावरोध, कास अशा तक्रारींसाठी आपल्याकडेच येतो. मोबाइल वापरावा का, शेतातील मोटार सुरू करावी का, अभ्यंग चालेल का, हे प्रश्नही तो आपल्यालाच विचारतो. म्हणून या विषयाचा थोडक्यात परामर्श आम्ही येथे घेत आहोत.

यंत्राचे कार्य

8 ऑक्टोबर 1958 रोजी स्टॉकहोम येथे शल्यविशारद सेनिंग यांनी, अभियंता एल्मक्विस्ट यांनी बनविलेला पेसमेकर मानवी शरीरात प्रथमच पूर्णपणे आत बसविला. ते यंत्र काही तासांतच बंद पडले. परंतु तो रुग्ण, आर्ने लार्सन, पुढे दोन डझनांहून अधिक यंत्रे बदलून 2001 सालापर्यंत जगला. आजच्या यंत्राची बॅटरी साधारणतः 8 ते 12 वर्षे टिकते. हृदयाची गती ठरविलेल्या मर्यादेखाली, बहुधा मिनिटास 60 च्या खाली, जाऊ लागली की यंत्र सूक्ष्म विद्युत्स्पंद देते. ते गतीची खालची मर्यादा राखते. अतिवेगाने वा अनियमितपणे धावणाऱ्या हृदयाला आवर घालणे हे त्याचे काम नव्हे. हा भेद पुढील विवेचनात महत्त्वाचा आहे.

नाडीपरीक्षा

या रुग्णात नाडीच्या गतीवरून दोषांचे अनुमान काढताना सावध राहावे, कारण गती अनेकदा यंत्राची असते. रुग्णाच्या ओळखपत्रावर वा तपासणीच्या कागदावर नोंदलेली किमान गती पाहून नाडी पूर्ण एक मिनिट मोजावी. ती त्याहून कमी भरल्यास स्टेथोस्कोपने हृदयाचे ठोकेही मोजावेत. अकाली ठोके मनगटाशी कधी कधी पोहोचत नाहीत. भोवळ, मूर्च्छा, नव्याने येणारा श्वास, पायांवर शोथ वा न थांबणारी उचकी यांपैकी काही आढळल्यास औषधयोजनेत वेळ न दवडता रुग्णास हृद्रोगतज्ज्ञांकडे पाठवावे.

यंत्रस्थानी शोथ

यंत्र सामान्यतः डाव्या जत्रुअस्थीखाली त्वचेच्या आत असते. तेथे लाली, उष्णता, वेदना वा स्राव दिसल्यास त्यास सामान्य विद्रधी समजून लेप, पोटीस वा भेदन कदापि करू नये. संसर्ग तारांच्या मार्गाने थेट हृदयात पोहोचू शकतो. तेथे सुई घालून पू काढण्याचा प्रयत्नही करू नये. अशा रुग्णास त्याच दिवशी तज्ज्ञांकडे पाठवावे.

पंचकर्म व शस्त्रकर्म

हृदयप्रदेशी स्वेद मृदू द्यावा अथवा देऊच नये, असे चरकाचार्यांनी स्वेदाध्यायात सांगितले आहे. हृद्रोगी हा वमनास अयोग्य असल्याचेही सिद्धिस्थानात नमूद आहे. या दोन्ही मर्यादा येथे तंतोतंत पाळाव्यात. यंत्रस्थानी मर्दन करू नये. यंत्र आत फिरून तार निसटण्याचा धोका असतो. इतरत्र सौम्य अभ्यंगास, जखम पूर्ण भरल्यावर, हरकत नाही. अतिविरेचन टाळावे, कारण शरीरातील पोटॅशियम घटल्यास हृदयाची लय बिघडू शकते. डायथर्मी वर्ज्य समजावी. विद्युत्प्रवाह देणारी वेदनाशामक यंत्रे, तसेच अर्श-भगंदराच्या शस्त्रकर्मातील कॉटरी हृद्रोगतज्ज्ञांच्या संमतीविना वापरू नये.

औषधविक्रेत्यांसाठी

त्रिभुवनकीर्ती, आनंदभैरव यांसारखे वत्सनाभयुक्त कल्प सर्दी-तापासाठी सहज मागितले जातात. वत्सनाभाच्या अतिमात्रेने हृदयाची घातक अनियमित गती उद्भवू शकते आणि त्यापासून पेसमेकर संरक्षण देत नाही. यष्टीमधू दीर्घकाळ व अधिक मात्रेत घेतल्यास पोटॅशियम घटते. अनेक रुग्ण रक्त पातळ ठेवणारी औषधेही घेत असतात. त्यांना लसूण वा गुग्गुळाचे कल्प देण्यापूर्वी चौकशी करावी. चुंबकीय पट्टे, माळा व गाद्या या रुग्णांस विकू नयेत. चुंबक जवळ येताच यंत्राची कार्यपद्धती बदलते.

दैनंदिन व्यवहार

पहिले 4 ते 6 आठवडे त्या बाजूचा हात खांद्याच्या वर नेऊ नये, जड वजन उचलू नये. डोक्यावर हंडा घेणे, उसाची मोळी उचलणे, वैरणीचा भारा चढविणे ही कामे या काळात बंद ठेवावीत. मात्र हात अजिबात न हलविल्यास खांदा आखडतो, हेही सांगावे. मोबाइल दुसऱ्या बाजूच्या कानास लावावा आणि यंत्रापासून किमान 15 सेंटिमीटर दूर ठेवावा. सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवू नये. इंडक्शन शेगडीपासून 2 फूट अंतर राखावे. मिक्सर, दूरदर्शन संच, मायक्रोवेव्ह यांची भीती नाही. शेतपंपाची मोटार चालू करण्यास प्रत्यवाय नाही, परंतु अर्थिंग सुस्थितीत हवे आणि दुरुस्ती इतरांकडून करवून घ्यावी. किर्लोस्करवाडी-पलूस परिसरातील कारखान्यांत वा साखर कारखान्यांत वेल्डिंग करणाऱ्यांनी कामावर परतण्यापूर्वी तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. एमआरआयपूर्वी यंत्राची माहिती अवश्य द्यावी. यंत्र व तारा दोन्ही त्यास अनुकूल असाव्या लागतात. खडबडीत रस्त्यावर एसटीच्या धक्क्यांनी नाडी किंचित वाढल्यास घाबरू नये. काही यंत्रे हालचाल ओळखून गती वाढवितात.

एक नाजूक बाब

मृत्यूनंतर दहनापूर्वी पेसमेकर काढणे आवश्यक असते, अन्यथा उष्णतेने बॅटरीचा स्फोट होतो. गावी घरीच मृत्यू झाल्यास हे कोणाच्या ध्यानी येत नाही आणि चितेजवळ उभ्या असलेल्या आप्तांस इजा होऊ शकते. कुटुंबातील एखाद्या समंजस व्यक्तीस ही गोष्ट वैद्यानेच योग्य वेळी, सौम्य शब्दांत सांगून ठेवावी.

पेसमेकरधारक रुग्ण अपंग नव्हे. शेती, प्रवास, पंढरीची वारी हे सारे तज्ज्ञांच्या अनुमतीने त्यास करता येते. प्रत्येक वैद्याने नोंदवहीत अशा रुग्णाच्या नावापुढे यंत्राची किमान गती व पुढील तपासणीचा दिनांक लिहून ठेवावा, अशी आमची विनंती आहे. एवढ्या दोन नोंदींनीही मोठा अनर्थ टळू शकतो.