पळीभर तेलाचे विद्यादान

वैशाख शुद्ध तृतीयेस आपण अक्षय्य म्हणतो, ते या दिवशी केलेल्या जप, होम आणि दानाचे फळ क्षय पावत नाही या श्रद्धेने. साडेतीन मुहूर्तांपैकी हा एक. पितरांच्या स्मरणार्थ घरोघरी उदकुंभ दिला जातो. वाळा घातलेले थंड पाणी, पंखा, छत्री, पादत्राणे ही वैशाखातील दाने होत. ज्या काळी ज्याची उणीव, त्या काळी त्याचे दान, एवढेच त्यामागील तत्त्व. या यादीत आज विद्यादानाच्या एका नव्या प्रकाराची भर घालणे शास्त्राला धरूनच होईल, असे आम्हांस वाटते.

विद्यादान म्हणजे केवळ शिकविणे नव्हे; शिकणाऱ्यांची सोय चालू ठेवणे हेही विद्यादानच. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावाजवळ पाटण येथे एक शिलालेख आहे. थोर ज्योतिर्विद भास्कराचार्य यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या सिद्धान्तशिरोमणी आदी ग्रंथांच्या अध्ययनासाठी तेथे मठ स्थापिला. त्या मठास शके ११२८ मध्ये, म्हणजे इसवी सन १२०६-०७ च्या सुमारास, निकुंभवंशीय सोइदेवाने दान दिले. लेखाचा बहुतेक भाग संस्कृतात असून शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे. बाजारातील मालावरचे राजाकडे जाणारे उत्पन्न मठास द्यावे आणि जितके तेलाचे घाणे चालतील तितक्यांनी पळी पळी तेल मठाच्या मापाने मोजून द्यावे, असा त्याचा आशय. राजाच्या दानाशेजारी तेल्याची पळी कोरलेली आहे, हे आम्हांस फार मोलाचे वाटते.

आज अशाच एका ज्ञानमठाचे दार घराघरांतील मोबाइलवर उघडते. तो म्हणजे विकिपीडिया. १५ जानेवारी २००१ रोजी अमेरिकेत जिमी वेल्स व लॅरी सँगर यांनी त्याचा आरंभ केला. मराठी विकिपीडिया २००३ पासून आहे. तीनशेहून अधिक भाषांत हा कोश वाढतो आहे आणि इंग्रजीतील लेखांची संख्या २०२५ मध्ये ७० लाखांपुढे गेली. लिहिणारे स्वयंसेवक मानधन घेत नाहीत. वाचकाला शुल्क नाही, पानावर जाहिरात नाही. विकिस्रोत या त्याच्या भावंडात स्वामित्वहक्काची मुदत संपलेले जुने ग्रंथ मोफत वाचावयास मिळतात. परंतु घेणाऱ्यास फुकट असलेली वस्तू देणाऱ्यास फुकट नसते. पाणपोईचे पाणी कोणीतरी भरलेले असते. संगणकयंत्रे, तंत्रज्ञ, कायदेशीर रक्षण यांचा खर्च विकिमीडिया फाउंडेशन ही २००३ मध्ये स्थापन झालेली संस्था करते, आणि तिचे बहुतेक उत्पन्न जगभरच्या सामान्य वाचकांच्या लहान लहान देणग्यांतून येते.

येथे शंका उत्पन्न होते. या संस्थेचा स्थायी निधी २०२१ मध्येच १० कोटी डॉलरच्या पुढे गेला. मग आमच्या शंभर रुपयांवाचून तिचे काय अडले? शंका रास्त आहे. संस्था उपाशी नाही, आणि दारच्या गरजू विद्यार्थ्याची वही-पुस्तके अडवून हे दान करावे असे आम्ही कदापि सांगणार नाही. पण पाटणच्या पळीचे मर्म पाहा. ज्या मठाचा सारा खर्च एकच धनिक चालवितो, तेथे काय शिकवावे हेही उद्या तोच ठरवू लागतो. लाखो हातांनी थोडे थोडे घातले, की कोणी एक यजमान उरत नाही. लहान दानाने ज्ञान केवळ जगत नाही, ते स्वतंत्र राहते.

दुसरी शंका अशी की, जेथे कोणीही लिहू शकतो त्यावर विश्वास कसा ठेवावा? पोथीतही लेखनिकाच्या चुका असतात. म्हणून आपण पाठ ताडून पाहतो. येथेही लेखाखालचे आधार पाहावेत, आणि चूक आढळल्यास दोष देत न बसता ती सुधारावी. ज्यांच्यापाशी द्रव्य नाही त्यांच्यासाठी दानाचा हाच मार्ग आहे. निवृत्त शिक्षकाने आपल्या गावच्या देवालयावर साधार लेख लिहावा. सुनेने, नातवाने विकिस्रोतावरील जुन्या ग्रंथाची दोन पाने तपासावीत. हे श्रमदान द्रव्यदानाहून उणे नाही.

गीतेच्या सतराव्या अध्यायात भगवंतांनी सात्त्विक दानाचे लक्षण सांगितले आहे. परतफेडीची आशा न धरता, देश, काळ आणि पात्र पाहून, देणे कर्तव्य म्हणून दिलेले ते सात्त्विक. पात्र पाहणे म्हणजे हिशेब पाहणेही आले. ही संस्था आपले हिशेब प्रसिद्ध करते, ते वाचावेत. देणगी तिच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच द्यावी, कोणी पाठविलेल्या अनोळखी दुव्यावरून नव्हे.

उदकुंभाचे पाणी पिणारा वाटसरू आपणांस ठाऊक नसतो. कोण्या दूरच्या खेड्यातील मुलगी या कोशात भास्कराचार्यांचे नाव प्रथम वाचील, तीही आपणांस कधी दिसणार नाही. तिच्यासाठी घरटी एक पळी तेल निघावे, आणि ते दान देणाऱ्यास व घेणाऱ्यास अक्षय्य होवो, हीच श्रीचरणी प्रार्थना.