वाकड्या हाडात सरळ सळई

मांडीचं हाड सरळ नसतं. शाळेच्या प्रयोगशाळेत टांगलेल्या सांगाड्याकडे समोरून पाहिलं तर तसं वाटतं. बाजूला जाऊन पाहिलं की गुडघ्यापासून खुब्यापर्यंत त्याला पुढच्या अंगाला आलेला बाक दिसतो. वरच्या टोकाला हाडाची मान साधारण १२५ ते १३० अंशांचा कोन करून आत वळते, आणि वळताना आणखी दहा-पंधरा अंश पुढेही झुकते. आतून हाड पोकळ. ती मज्जानळीसुद्धा एकसारखी नाही. वर ऐसपैस, मध्ये चिंचोळी, गुडघ्याकडे पुन्हा रुंद.

अशा जागी धातूची वस्तू बसवायची आणि वर माणसाने तिच्यावर चालायचं, जिने चढायचे, पावसाळ्यात घसरायचंही. बर्लिनमधल्या संशोधकांनी भार मोजणारी यंत्रणा आत असलेले कृत्रिम खुबे रुग्णांना बसवून पाहिले. साधं चालतानाही खुब्याच्या सांध्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच पट भार येतो, आणि अडखळून तोल सावरताना तो आठपटींच्या घरात जातो, असं त्यांना आढळलं. साठ किलोच्या बाईंच्या खुब्याने क्षणभर का होईना, पावणेपाचशे किलो पेलायचे!

घरोघरी या शस्त्रक्रियांची दोन नावं ऐकू येतात. मांडीचं हाड मोडलं की ‘रॉड टाकला’ आणि खुब्याचा सांधा गेला की ‘बॉल बसवला’. दोन्हींत धातू हाडाच्या पोकळीत जातो, पण त्यांचे प्रश्न वेगळे आहेत.

आधी रॉड. गेऱ्हार्ड कुंचर या जर्मन सर्जनने १९३९ च्या नोव्हेंबरात कील शहरात मोडलेल्या मांडीच्या हाडाच्या पोकळीतून पोलादी सळई आरपार घातली आणि पुढच्या वर्षी बर्लिनच्या सर्जनांच्या परिषदेत ते काम मांडलं. तोवर असा रुग्ण पायाला वजनं लटकवून महिनोन्‌महिने खाटेवर पडून असे. कुंचरचे रुग्ण त्या मानाने फारच लवकर उठून चालू लागले. अमेरिकी डॉक्टरांना या प्रकाराचा पत्ता लागला तो जर्मनांच्या कैदेतून सुटलेल्या आपल्याच सैनिकांच्या मांडीत सळया दिसल्या तेव्हा. १९४५ साली ‘टाइम’ साप्ताहिकाने त्याची बातमी छापली.

कुंचरची सळई पोकळ होती, तिला लांबीभर फट होती. नळीत शिरताना ती किंचित आवळली जाई आणि आत गेल्यावर फुलून कडांना धरून बसे. हाडाच्या चिंचोळ्या मधल्या भागात ही पकड चांगली मिळते. बाकाचं काय, हा प्रश्न मात्र पुढे बरीच वर्षं रेंगाळला.

२००४ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी एका मोठ्या संग्रहातल्या नऊशेच्या आसपास हाडांचा बाक मोजला. त्याची सरासरी त्रिज्या निघाली १२० सेंटिमीटर. म्हणजे हाड वाढतच गेलं असतं तर त्याने इतक्या त्रिज्येचं वर्तुळ पुरं केलं असतं. त्या वेळी बाजारात असलेल्या सळयांची त्रिज्या १८६ ते ३०० सेंटिमीटर होती. त्रिज्या जितकी मोठी तितकी सळई सरळ, हे लक्षात ठेवून हिशेब करून पाहावा. चाळीस सेंटिमीटर लांबीत हाड मधोमध सुमारे १.७ सेंटिमीटर पुढे येतं, तर तीन मीटर त्रिज्येची सळई जेमतेम ०.७. फरक सेंटिमीटरभराचा. आणि ज्या नळीत ती घालायची, तिचा चिंचोळा भाग पुष्कळांत सेंटिमीटरभरच रुंद असतो.

मग कोणाला तरी नमावं लागतं. सळई थोडी वाकते, हाड थोडं सरळ होतं. म्हातारपणी ठिसूळ झालेलं हाड नमण्याऐवजी चिरतं. कधी सळईचं टोक गुडघ्याच्या वर हाडाच्या पुढच्या भिंतीला जाऊन टेकतं, क्वचित भिंत फोडून बाहेरही येतं. नंतर आलेल्या काही लांब सळयांची त्रिज्या एक ते दीड मीटरवर आणली गेली, ती या अनुभवांमुळे. इतकी साधी मोजणी सळया बनवायच्या आधी का झाली नाही, असा प्रश्न वाचकाला पडला तर तो रास्तच आहे.

खुब्याजवळच्या फ्रॅक्चरची गोष्ट आणखी बोलकी आहे. आजी न्हाणीघरात घसरते आणि मानेच्या जरा खाली हाड मोडतं, ते हे फ्रॅक्चर. त्यासाठी १९८० च्या दशकात युरोपात ‘गॅमा नेल’ निघाली. आखूड, जाड सळई आणि तिच्यातून हाडाच्या गोळ्यात जाणारा दणकट स्क्रू. सळईच्या वरच्या भागाला दहा अंशांचा बाक होता. कल्पना उत्तम होती, पण सुरुवातीच्या काळात एक विचित्र तक्रार वारंवार येऊ लागली. मूळ फ्रॅक्चर जुळायचं आणि सळईच्या टोकाशी हाड नव्याने मोडायचं. हाँगकाँगच्या सर्जनांनी उत्पादकाच्या अभियंत्यांसह चिनी लोकांच्या हाडांशी या सळईचं माप ताडून पाहिलं आणि १९९६ मध्ये निष्कर्ष छापला की सळईची भूमिती त्या हाडांशी जुळत नाही. पुढे या सळईचा बाक दहावरून चार अंशांवर आला.

तेवढ्यावर भागलं नाही. महाराष्ट्रात तालुक्याच्या गावीही ‘पीएफएन टाकला’ (तीही याच फ्रॅक्चरसाठीची सळई) हे वाक्य आता नवलाचं राहिलेलं नाही. त्या कुळातली ‘पीएफएनए’ ही युरोपात यशस्वी ठरलेली सळई आशियातल्या लहान चणीच्या रुग्णांत घातली तेव्हा तिचा वरचा भाग हाडाच्या बाहेरच्या भिंतीवर आतून दाबू लागला. मांडी दुखे, ठोकताना हाडाला भेग जाई. म्हणून ‘पीएफएनए-टू’ काढावी लागली. वरचा बाक सहाऐवजी पाच अंश, आणि गोल असलेली बाहेरची बाजू सपाट. एका अंशासाठी आणि एका सपाट बाजूसाठी नवं मॉडेल! अर्थात ‘आशियाई हाड’ हीसुद्धा सरासरीच. कोल्हापूरच्या तालमीतला पैलवान आणि पंच्याहत्तरीची अशक्त आजी एकाच राज्यातले असले तरी एका मापाचे नाहीत.

आता बॉलकडे. कृत्रिम खुब्याचा गोळा एका दांड्यावर बसतो आणि तो दांडा, म्हणजे स्टेम, मांडीच्या हाडाच्या वरच्या भागात रोवलेला असतो. इथे बाकापेक्षा नळीच्या तोंडाचा आकार महत्त्वाचा. फिलिप नोबल आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये दोनशे हाडं मोजून दाखवलं की वरची रुंदी आणि मधली रुंदी यांचं गुणोत्तर माणसागणिक फार बदलतं. काहींत नळी शॅम्पेनच्या पेल्यासारखी झपाट्याने निमुळती होते, तर काहींत धुराड्याच्या पाइपासारखी वरपासून खालपर्यंत सारखीच. सर्जन मंडळी खरोखर हीच नावं वापरतात. वय वाढतं तसं, विशेषतः स्त्रियांमध्ये, हाडाच्या भिंती आतून झिजतात आणि पेल्याचा पाइप होतो. तेव्हा पन्नाशीत नेमकं बसणारं स्टेम ऐंशीव्या वर्षी तसंच बसेल, याचा भरवसा नाही.

या गुंत्यातून जॉन चार्नली या इंग्रज सर्जनने आधीच एक वाट काढली होती. रायटिंग्टन रुग्णालयात त्याने १९६२ पासून जे सांधे बसवले, त्यांत स्टेम हाडाला नेमकं लागलंच पाहिजे असा हट्ट नव्हता. दातांच्या वैद्यकात वापरलं जाणारं अॅक्रिलिक त्याने सिमेंट म्हणून पोकळीत भरलं आणि स्टेम त्यात रोवलं. हे सिमेंट डिंकासारखं चिकटत नाही. हाडाच्या खाचाखोचांत शिरून घट्ट होतं आणि भार सगळीकडे पसरवतं. हाडाचा आकार कसाही असो, मधली जागा सिमेंट भरून काढतं.

सिमेंटच्या स्टेमची खरी शिकवण मात्र एक्सेटरच्या कहाणीत आहे. सर्जन रॉबिन लिंग आणि अभियंता क्लाइव्ह ली यांनी १९७० मध्ये खाली निमुळतं होत जाणारं, आरशासारखं चकचकीत स्टेम वापरात आणलं. १९७६ मध्ये त्याचा पृष्ठभाग खरखरीत करण्यात आला. खरखरीत धातू सिमेंटला जास्त घट्ट धरेल, हे कोणालाही पटावं. झालं उलटंच. खरखरीत स्टेम अधिक प्रमाणात सैल होऊ लागले आणि १९८६ मध्ये पुन्हा चकचकीत पृष्ठभागावर यावं लागलं. गुळगुळीत स्टेम पहिल्या काही वर्षांत सिमेंटमध्ये एखाद-दोन मिलिमीटर खाली सरकतं आणि सरकताना अधिकच आवळतं. कुदळीच्या दांड्यात पाचर ठोकणाऱ्या सुताराला हे सांगायची गरज नाही. खरखरीत स्टेम नीट सरकू शकत नाही. भाराखाली ते सिमेंटशी घासत राहतं आणि सिमेंटचा भुगा होतो.

सिमेंटशिवायच्या स्टेममध्ये नियम उलटा. तिथे हाडाने धातूच्या सच्छिद्र पृष्ठभागात वाढून त्याला धरायचं असतं, आणि त्यासाठी सुरुवातीचे आठवडे स्टेम हलता कामा नये. हालचाल मिलिमीटरच्या काही शतांशांत राहिली तर हाड आत वाढतं. ती मिलिमीटरच्या सातव्या हिश्श्याच्या पुढे गेली तर मध्ये नुसता तंतूंचा पापुद्रा तयार होतो आणि सांधा दुखत राहतो. म्हणून १९८० च्या दशकात अनेकांनी डाव्या-उजव्या पायासाठी वेगळे, हाडाच्या वळणाची नक्कल करणारे स्टेम केले. सीटी स्कॅनवरून एकेका रुग्णासाठी खास स्टेम घडवण्याचेही प्रयोग झाले. जन्मतः निखळलेला खुबा किंवा फारच अरुंद नळी अशा अवघड रुग्णांत त्यांचा उपयोग आहे. पण सामान्य रुग्णांत तयार मापाच्या चांगल्या स्टेमपेक्षा ते खात्रीने सरस ठरले, असं दिसलं नाही. उलट व्हिएन्नाच्या कार्ल झ्वायम्युलर याचं १९७९ चं सरळ, चौकोनी छेदाचं स्टेम दशकानुदशकं टिकलं. गोलसर नळीत चौकोनी दांडा! पण त्याच्या चार कडा हाडाच्या कठीण भिंतीत रुततात आणि स्टेम फिरू देत नाहीत. बाकीच्या जागा रिकाम्या राहिल्या तरी बिघडत नाही.

आकार जुळला तरी आणखी एक भांडण उरतं, ते कडकपणाचं. हाडाच्या कठीण भिंतीपेक्षा टायटॅनियमचा मिश्रधातू पाच-सहापट ताठ असतो, कोबाल्ट-क्रोम दहापटींहून अधिक. ताठ दांडा भार स्वतः उचलतो. भार नसलेलं हाड विरळ होतं, हे जर्मन शल्यविशारद युलियुस वोल्फने १८९२ मध्येच लिहून ठेवलं होतं. मग हाडाइतकंच लवचिक स्टेम का करू नये? स्वित्झर्लंडच्या रॉबर्ट माथिसने १९७३ मध्ये ते केलं. आत पोलादी गाभा, वर प्लास्टिक. कागदावर बिनतोड वाटलेलं हे स्टेम हाडात मात्र हलत राहिलं, आणि पुष्कळ रुग्णांत सैल झालं. सगळा इतिहास पाहता एवढं ठामपणे म्हणता येतं की हाडाची हुबेहूब नक्कल हे चांगल्या इम्प्लांटचं लक्षण नाही. कुठे टेकायचं आणि कुठे हाडाला मोकळं सोडायचं, हे ज्याने ओळखलं त्याचं इम्प्लांट टिकलं. ते कोणाचं टिकलं, हेही अंदाजाने ठरत नाही. स्वीडनने १९७९ पासून देशभरातल्या खुब्यांची नोंदवही ठेवली आणि कोणतं मॉडेल किती वर्षांनी पुन्हा उघडावं लागलं, ते जगाला कळू लागलं.

मांडीच्या हाडाचं खालचं टोक, म्हणजे गुडघा, हा स्वतंत्र लेखाचा विषय. पण महाराष्ट्राचा थेट संबंध तिथेच येतो. मुंबईचे डॉ. श्रीनंद वैद्य आणि सहकाऱ्यांनी भारतीय गुडघ्यांची सीटी स्कॅनवर मापं घेऊन २००० मध्ये दाखवलं, की बऱ्याच भारतीय स्त्रियांचं हाड बाजारातल्या लहान मापांहूनही लहान आहे. धातूची कड हाडाबाहेर तीन मिलिमीटर डोकावली तरी गुडघा दुखत राहण्याची शक्यता जवळपास दुप्पट होते, असं पुढे अमेरिकेतल्या एका अभ्यासात आढळलं. पुण्याच्या डॉ. के. एच. संचेती यांनी मांडी घालून आणि उकिडवं बसणाऱ्या रुग्णांचा विचार करून ‘इंडस’ गुडघा तयार केला. त्याच्या अनेक केंद्रांवरच्या चाचणीचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्राने गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतींवर मर्यादा घातली. त्यामुळे खिशाचा प्रश्न हलका झाला, मापाचा प्रश्न आपल्या जागी आहे.

शस्त्रक्रिया ठरली असेल तर डॉक्टरांना दोन गोष्टी जरूर विचाराव्यात. एक्स-रेवर माप आधी आखून पाहिलं आहे का, आणि लहान-मोठी लगतची मापं शस्त्रक्रियेच्या वेळी हाताशी असतील का. इम्प्लांटच्या खोक्यावर कंपनी, मॉडेल, माप आणि लॉट क्रमांक छापलेले स्टिकर असतात. त्यांतला एक डिस्चार्जच्या कागदांवर चिकटवून घ्यावा आणि त्याचा फोटो घरातल्या दोघा-तिघांच्या मोबाइलमध्ये ठेवावा. पंधरा वर्षांनी तो सांधा पुन्हा उघडायची वेळ आली, तर पुढच्या सर्जनला सगळ्यात आधी तोच लागेल.