गाडीच्या पायात पैंजण

परदेशी शिकायला निघालेल्यांच्या बॅगेत कुकर असतो, भाजणी असते, आईने कोंबलेलं लोणचं असतं. टायर चेन कुणाच्याच यादीत नसते. पण घर उतारावर असेल आणि रस्ता गोठला असेल, तर डिसेंबरात तिचीच आठवण येते.

ऑगस्टमध्ये मुंबई-पुण्या-नागपुरातून एमएससाठी अमेरिकेला जाणाऱ्यांचा ठरलेला क्रम असतो. आधी चौघांत मिळून घर, मग चौघांत मिळून सेकंडहँड गाडी. घर बघताना भाडं, कॅम्पसचं अंतर आणि इंडियन ग्रोसरीचं दुकान या तीन गोष्टी पाहिल्या जातात. घरासमोरच्या चढाकडे कुणी पाहत नाही, कारण ऑगस्टमध्ये तो चढ अगदी गरीब दिसतो. डिसेंबर-जानेवारीत तोच चढ पांढरा झाला की गाडी वर जात नाही. वर गेलीच, तर वर राहीलच याची खात्री नसते.

हा चढ म्हणजे ड्राइव्हवे. रस्त्यापासून गॅरेजपर्यंतचा घराचा खासगी तुकडा. आपल्या सोसायट्यांच्या बेसमेंट पार्किंगला जो रॅम्प असतो, त्याचा उघड्यावर राहणारा भाऊ. पिट्सबर्गचंच घ्या. कार्नेगी मेलनमुळे आपल्याकडच्या इंजिनीअरिंगवाल्यांना हे नाव तोंडपाठ असतं. तीन नद्या आणि टेकड्या यांच्यामध्ये वसलेल्या या शहरात ७०० हून अधिक सार्वजनिक जिने आहेत. तिथल्या बीचव्ह्यू भागातल्या कँटन अव्हेन्यूचा चढ ३७ टक्के असल्याचं सांगितलं जातं आणि जगातल्या सर्वांत तीव्र चढाच्या रस्त्यांत त्याची गणना होते. कॉर्नेल विद्यापीठाचं इथाका किंवा डोंगराच्या पायथ्याशी असलेलं सॉल्ट लेक सिटी, इथेही चढ आणि स्नो दोन्ही आहेत.

आधी थोडं फिजिक्स

१० टक्के चढ म्हणजे १० मीटर पुढे गेलं की १ मीटर वर. कोनात सांगायचं तर साधारण ५.७ अंश. २० टक्के म्हणजे ११.३ अंश. फोनमधल्या लेव्हल ॲपने हे मोजता येतं. एक सरळ फळी ड्राइव्हवेवर ठेवायची, तिच्यावर फोन ठेवायचा, झालं.

आता घर्षण. कोरड्या डांबरावर टायरचा घर्षणांक साधारण ०.७ ते ०.८ असतो. गाड्यांनी दाबून घट्ट केलेल्या स्नोवर तो ०.२ ते ०.३ वर येतो. काचेसारख्या आइसवर ०.१ किंवा त्याहूनही कमी. विद्यार्थ्यांकडच्या बहुतेक सेकंडहँड सेडान फ्रंट व्हील ड्राइव्ह असतात, म्हणजे ओढण्याचं काम फक्त पुढची दोन चाकं करतात. चढावर गाडीचं वजन मागे सरकतं, त्यामुळे या चाकांच्या वाट्याला निम्म्याहून थोडंच जास्त वजन राहतं. ०.२ ला साधारण ०.५५ ने गुणा. उत्तर ०.११. म्हणजे अशा स्नोवर ही गाडी जेमतेम ११ टक्के चढ चढेल. ड्राइव्हवे १५ टक्क्यांचा असेल तर चाकं जागच्या जागी गरगरणार. इंजिन कितीही दमदार असलं तरी फरक पडत नाही, कारण कमतरता ताकदीची नसून पकडीची आहे.

थांबलेल्या गाडीलाही हाच हिशेब लागू होतो. घर्षणांक ०.१ असेल तर चारही चाकं लॉक करूनसुद्धा गाडी १० टक्क्यांच्या उतारावर कशीबशी टिकते. म्हणून ऑटोमॅटिक गाडी 'पी'मध्ये टाकली तरी हँडब्रेक ओढायचाच. फ्रंट व्हील ड्राइव्ह गाडीत 'पी' पुढची चाकं धरतो आणि हँडब्रेक सहसा मागची.

शिडी, शंकरपाळी, वायर आणि मोजे

चेन टायरभोवती बसते आणि तिच्या कड्या स्नो-आइसमध्ये रुतून पकड देतात. बाजारात मुख्यतः चार प्रकार मिळतात.

पहिली लॅडर चेन, म्हणजे शिडी. टायरच्या दोन्ही बाजूंना लांब साखळ्या आणि त्यांच्यामध्ये शिडीच्या पायऱ्यांसारख्या आडव्या साखळ्या. सरळ वर चढायला चांगली, मजबूत आणि तुलनेने स्वस्त. पण प्रत्येक पायरीला गाडी धडधडते आणि आडवं घसरणं ती फारसं रोखत नाही.

दुसरी डायमंड चेन. हिच्या साखळ्या टायरवर शंकरपाळ्यांसारखी जाळी करतात. त्यामुळे कुठला ना कुठला भाग सतत जमिनीला टेकलेला असतो. पुढे-मागे आणि आडवी, दोन्हीकडे पकड मिळते. ड्राइव्हवेला वळण असेल, किंवा एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला खड्डा असेल, तर हीच घ्यावी. किंमत शिडीपेक्षा जास्त असते.

तिसरी केबल चेन. साखळीऐवजी स्टीलची जाड वायर आणि तिच्यावर छोटे धातूचे रोलर. पातळ आणि हलकी असल्यामुळे चाकाभोवती जागा कमी असलेल्या गाड्यांना चालते. पण जाड आइसवर आणि तीव्र चढावर हिची पकड खऱ्या साखळीपेक्षा कमी पडते.

चौथे स्नो सॉक्स. टायरला घालायचे कापडी मोजेच. हलके, चढवायला सोपे आणि डिकीत जागाही खात नाहीत. पण डांबर किंवा काँक्रीट उघडं पडलेलं असेल तर त्यावर ते झपाट्याने फाटतात. शिवाय चेनच्या जागी ते सगळीकडे कायद्याने चालतीलच असं नाही.

महिन्यातून दोन-चारदा, तेही घराच्या चढापुरती गरज असेल तर काय घ्यायचं? चढ सौम्य आणि सरळ असेल, स्नो ताजा असेल, तर मोजे किंवा केबल पुरते. चढ तीव्र असेल किंवा आइस धरत असेल तर डायमंड. शिडी घ्यायची ती चढ सरळ असेल, बजेट कमी असेल आणि धडधड चालणार असेल तेव्हाच.

गाडीचं मॅन्युअल आधी, दुकान नंतर

चेन गाडीच्या नावावरून घ्यायची नाही, टायरच्या मापावरून घ्यायची. एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांना वेगवेगळ्या मापाचे टायर असू शकतात, आणि सेकंडहँड गाडीत आधीच्या मालकाने काय बसवलंय ते टायरलाच विचारावं लागतं. टायरच्या बाजूला २०५/५५ आर १६ असं काहीतरी लिहिलेलं असतं. २०५ म्हणजे मिलिमीटरमधली रुंदी, ५५ म्हणजे टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या किती टक्के, आर म्हणजे रेडियल आणि १६ म्हणजे रिमचा इंचातला व्यास. चेनच्या खोक्यावर हे माप जसंच्या तसं असायला हवं. 'जवळपास बसतंय' म्हणून घेतलेली सैल चेन चाकाबरोबर फिरताना ब्रेकची नळी किंवा एबीएसची वायर तोडू शकते.

दुसरी गोष्ट, चाक आणि गाडीचे आतले भाग यांच्यातली मोकळी जागा. आजकालच्या बऱ्याच गाड्यांमध्ये ती इतकी कमी असते की मॅन्युअलमध्ये 'क्लास एस' चेनच वापरा, असं लिहिलेलं असतं. क्लास एस हे सर्वांत कमी जागेसाठीचं माप. टायरच्या वर किमान ३७ मिलिमीटर आणि आतल्या बाजूला १५ मिलिमीटर जागा असेल तिथे ही चेन बसते. काही गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये तर विशिष्ट टायरवर चेन लावूच नका, असं स्पष्ट म्हटलेलं असतं. तिथे वाद घालायचा नाही, मोज्यांचा किंवा विंटर टायरचा विचार करायचा.

चेन कुठल्या चाकांना लावायची? फ्रंट व्हील ड्राइव्हला पुढच्या, रिअर व्हील ड्राइव्हला मागच्या. ऑल व्हील ड्राइव्ह असेल तर मॅन्युअल सांगेल त्याच. एक धोका मात्र लक्षात ठेवा. फक्त पुढच्या चाकांना चेन असताना उतारावर जोरात ब्रेक दाबला, तर पुढची चाकं धरतात आणि हलकी झालेली मागची बाजू आडवी फिरू शकते. म्हणून उतरताना चालण्याच्या वेगाने, लो गिअरमध्ये.

पहिली प्रॅक्टिस कोरड्यात

चेन आली की ती त्याच आठवड्यात एकदा लावून बघा. कोरड्या, सपाट जागेत, दिवसा. साखळी टायरवर पसरायची, आधी आतली बाजू जोडायची, मग बाहेरची, मग टेन्शनरने ताणायची. थोडं अंतर गाडी चालवून थांबायचं आणि सैल झालेली चेन पुन्हा घट्ट करायची. कोरड्यात हे अर्ध्या तासात जमतं. उणे १० अंशांत, अंधारात, बधिर बोटांनी पहिल्यांदाच करायला गेलात तर रडकुंडीला याल. चेनच्या पिशवीत रबरी हातमोजे, गुडघ्याखाली टाकायला जुनी चटई आणि डोक्याला लावायचा टॉर्च कायमचे ठेवून द्या.

चेन लावायची ती चढाच्या खाली, सपाट जागेवर आणि अडकण्याच्या आधी. मग मध्ये न थांबता, हळू आणि एका लयीत वर जायचं. चाकं गरगरायला लागली की ॲक्सिलरेटर सोडायचा. जास्त दाबला तर खालचा स्नो वितळून आइस होतो आणि चेनही तुटू शकते. वेग ताशी ३० मैल, म्हणजे साधारण ४८ किलोमीटरच्या आत ठेवायचा. उघडा रस्ता लागला की चेन काढायची.

आणि सर्वांत महत्त्वाचं. गाडी अडकली की आपली सवय काय? तिघं उतरतात आणि मागून ढकलतात. घाटात पावसाळ्यात हे चालून जातं, गोठलेल्या चढावर नाही. गाडी मागे घसरली तर ढकलणाऱ्यांच्या पायाखालीही आइसच असतो, पळायला जागा नसते. घसरू शकणाऱ्या गाडीच्या खालच्या बाजूला कुणीही उभं राहायचं नाही. स्नोमध्ये रुतलेल्या गाडीत हीटर लावून बसायचं असेल तर आधी सायलेन्सरचं तोंड मोकळं करा. ते बुजलं तर कार्बन मोनॉक्साइड आत येतो आणि त्याला वास नसतो.

चेन नको, असंही उत्तर असू शकतं

चेन हा शेवटचा उपाय आहे. पहिला उपाय फावडं. स्नो पडल्या पडल्या, गाड्यांनी तो दाबण्याआधी उचलला तर निम्मं काम तिथेच संपतं. मग मीठ. साधं रॉक सॉल्ट साधारण उणे ९ अंशांपर्यंत नीट काम करतं. त्याहून जास्त थंडीत कॅल्शियम क्लोराइड लागतं. मीठ संपलं असेल तर वाळू. ती आइस वितळवत नाही, पण पकड देते.

संपूर्ण हिवाळा रोज गाडी चालवायची असेल तर विंटर टायरचा विचार करा. त्यांचं रबर ७ अंशांच्या खालीही मऊ राहतं. टायरवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात स्नोफ्लेक असं चिन्ह असेल तर त्याने स्नोवरच्या पकडीची चाचणी पार केलेली असते. नुसतं 'एम प्लस एस' लिहिलेलं असणं म्हणजे ती चाचणी नव्हे.

घरमालकालाही विचारून घ्या. चेनमुळे काँक्रीटवर ओरखडे येतात, आणि ते डिपॉझिटमधून वजा होऊ शकतात. भाड्याच्या गाडीला चेन लावायची असेल तर आधी करार वाचा, बऱ्याच कंपन्या ती लावू देत नाहीत. डोंगराळ राज्यांत रस्त्याचे नियमही वेगळे असतात. कॅलिफोर्नियात हायवेवर आर-१, आर-२, आर-३ असे टप्पे असतात आणि आर-३ लागला की प्रत्येक गाडीला चेन सक्तीची. आपल्याकडे मनालीच्या वर स्नो पडल्यावर पोलीस अनेकदा फोर बाय फोर किंवा चेन लावलेल्या गाड्यांनाच पुढे सोडतात. तिथे चेन लावून देणारे स्थानिक भेटतात. पिट्सबर्गच्या ड्राइव्हवेवर ते काम तुमचं.

तेव्हा घर शोधणाऱ्यांनो, व्हिडीओ कॉलवर घर दाखवणाऱ्या सीनियरला किचन आणि बाथरूमबरोबर एक गोष्ट आणखी दाखवायला सांगा. कॅमेरा ड्राइव्हवेकडे वळव म्हणावं. चढ जास्त वाटला तर खाली सपाट रस्त्यावर पार्किंगची सोय आहे का, आणि स्नोच्या दिवशी तिथे गाडी लावू देतात का, एवढे दोन प्रश्न विचारून ठेवा. दोन्हीची उत्तरं 'हो' आली तर चेनचे पैसे वाचतील. नाहीतर टायरचं माप लिहून घ्या आणि खर्च चौघांत वाटून टाका.